विहीणबाईंचं कुंकू आणि चौऱ्याहत्तर वॅट-तास

व्याही हसत हसत एखादी गोष्ट मान्य करतो, तेव्हा वकिलाने खूश होऊ नये. त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे, ते आधी पाहावं. अमरावतीच्या कोर्टात सगळा जन्म काळ्या कोटात घालवून मी हे शिकलो होतो, आणि अकोल्याला व्याह्यांच्या बैठकीत मठ्ठ्याचा दुसरा पेला हातात असताना नेमका विसरलो.

वाद होता आमच्या अबोलीच्या डोहाळजेवणाचा. अबोली दिलेली अकोल्याला, नोकरीला मुंबईला, आणि तिचं डोहाळजेवण कुठे व्हावं हा प्रश्न तिला सोडून बाकी सगळ्यांना पडलेला. आम्ही दोघांनी जाऊन तिला मुंबईहून विमानाने आणायचं, इथपर्यंत दोन्ही घरांचं एकमत होतं. विमान अमरावतीला उतरतं, हा आमच्या बाजूचा पुरावा. नातवंड अकोल्याचं आहे, हा त्यांचा. माझ्या पत्नीने, म्हणजे सिंधूने, निकालाच्या आधीच अंमलबजावणी सुरू केली होती. माळ्यावरची बंगई, म्हणजे जुना झोपाळा, उतरवून, घासून, कड्यांना तेल देऊन तिने ती समोरच्या खोलीत टांगली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "अबोली यावरच बसणार, फुलांच्या वाडीत." आता ती बंगई रिकामी राहिली असती, तर मला उरलेला जन्म तिच्यावर एकट्याने झोके घ्यावे लागले असते, आणि तेही सिंधूच्या नजरेसमोर.

व्याही बापूसाहेब कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. आयुष्यभर सरकी पारखण्यात गेल्यामुळे माणूस समोर आला की त्यालाही ते आधी चिमटीत धरून पाहतात, उगवेल की नाही म्हणून. त्या दिवशी त्यांनी मला पाहिलं, मिशीत हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या वकीलसाहेब. होऊन जाऊ द्या तुमच्याईकडंच. पोरीच्या मायच्या मनात हाये तं आपुन काहून आडवं जावाचं?"

मी डोक्यातल्या खात्यात ताबडतोब नोंद केली. माझं एक खातं कायम डोक्यात उघडं असतं. कोण कोणाच्या लग्नातून न जेवता गेलं, आजारपणात कोणी फोन केला आणि कोणी नुसता अंगठा पाठवला, सगळं त्यात असतं. पैशाचं मी लक्षात ठेवत नाही, कारण पैसा बुडतो. उपकार बुडत नाही, तो व्याजासकट दारात उभा राहतो. बापूसाहेबांच्या नावावर असा एक जबरदस्त उपकार मी चढवत होतो, तेवढ्यात ते आत जाऊन एक डबा घेऊन आले.

"फक्त येक काम करजा. हे पुष्करले नेऊन देजा."

पुष्कर म्हणजे त्यांचा मुलगा, आमचा जावई. डब्यात पॉवरबँक होती. वीट म्हणणार नाही मी, पण विटेची धाकटी बहीण शोभली असती. काळी, जड, गुळगुळीत.

"नवी कोरी हाये," बापूसाहेब म्हणाले. "सोता दुकानात उभा राहून, पारखून घेतली. पोरगं फिरतीवर असते, फोन बंद पडते, अन् त्याची माय इकडं जीव टांगून बसते. पोचली की त्याच्या हातातला फोटो धाडजा मले. वस्तू पोचली, की आपलं बोलणं पक्कं."

'पक्कं' या शब्दावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. थाप प्रेमाची होती. तरी गुडघ्याला ती अट म्हणून लागली.

तेवढ्यात विहीणबाई तबक घेऊन आल्या. आमच्या वऱ्हाडात ज्या वस्तूला वायर, चाक किंवा धार आहे, ती पूजेशिवाय कामाला लागत नाही. ट्रॅक्टर झाला, मिक्सर झाला, इन्व्हर्टर झाला. पॉवरबँक तर परगावी चाललेली. विहीणबाईंनी तेलात कुंकू कालवलं, पॉवरबँकेच्या सपाट पोटावर ऐसपैस स्वस्तिक काढलं, भोवती पाच बोटं उमटवली आणि अक्षता टाकल्या.

"पुसू नोका बरं," त्या म्हणाल्या. "अशीच नेजा. लेकराले नजर नाई लागत."

मी "छे छे" म्हणालो. विहीणबाईंना दिलेला शब्द माझ्या हातून तेवढ्या म्हणण्यापुरताच पाळला गेला.

बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरून, विमान उडायला लागल्यापासून आमच्या कॉलनीत वैमानिक सोडून विमानाचे सगळे जाणकार तयार झाले आहेत. पूर्वी विमान म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे रात्रीपासूनची तयारी. आता घरावरून आवाज गेला की लोक वर न पाहता सांगतात, "आज उशीर झाला." आम्ही विमानाने चाललो आणि सोबत व्याह्यांची पॉवरबँक आहे, ही बातमी फुटताच आमच्या ओट्यावर सल्लागार मंडळच बसलं.

शेजारचे भगवंतराव त्याचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. फार परोपकारी माणूस. दुसऱ्याची अडचण त्यांना बघवत नाही. अडचण नसली तर तीही बघवत नाही.

"मोठ्या बॅगेत टाका, साड्याईत गुंडाळून," त्यांनी पहिला सल्ला दिला. "कोणाच्या बापाले दिसत नाई."

"तसं चालत नाही," मी म्हणालो. नियम वाचणं हा माझा धंदा आहे. विमान कंपनीचे नियम मी छापून, अधोरेखित करून ठेवले होते आणि कोणी विचारेल याची वाटच पाहत होतो. "पॉवरबँक मोठ्या सामानात टाकायची नाही. ती हातातल्या बॅगेतच न्यायची. विमानात तिच्यावर फोन लावायचा नाही. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, नजरेसमोर ठेवायची. शंभर वॅट-तासांपर्यंत बिनबोभाट. त्यावर एकशेसाठपर्यंत कंपनीची परवानगी. त्याच्याही वर असेल तर घरी ठेवायची."

"नजरेसमोर ठेवाची, वापराची नाई, अन् कोणाच्या हवाली बी कराची नाई," भगवंतराव विचारात पडले. "म्हंजे जावयासारखंच झालं."

वरच्या मजल्यावरच्या रागिणीताई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी पॉवरबँकेच्या पोटावरचे बारीक अक्षरं कुंकवाच्या दोन बोटांमधून वाचली आणि जिन्यात उभ्या उभ्या गणित मांडलं. वीस हजार गुणिले तीन पूर्णांक सात, भागिले हजार. उत्तर आलं चौऱ्याहत्तर वॅट-तास. शंभराच्या आत. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. एखादा खटला उभा राहण्याआधीच जिंकल्याचा आनंद वकिलाला क्वचित मिळतो.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण भगवंतरावांची नजर स्वस्तिकावर गेली.

"वकीलसाहेब, हे लाल काय हाये?"

"कुंकू. विहीणबाईंनी पूजा केली."

"मंग झालं तुमचं," भगवंतराव म्हणाले. "मशीनमंधून जाईन, आत वायरा दिसतीन, अन् वरून लाल डाग. ते म्हणतीन, हे काय साधं चार्जर नाई. याची तं पूजा करून पाठोलं हाये कोणीतरी, नेम धरून."

मी हसलो. रात्री मात्र हसू येईना. काळ्या कोटातला, नियमांचे कागद हातात घेतलेला मी, आणि माझ्या बॅगेतून निघते कुंकू लावलेली, अक्षता चिकटलेली काळी पेटी. लोक पाहताहेत. त्यात एखादा अशील. सकाळी उठून मी भगवंतरावांकडे गेलो. त्यांच्या फाटकाला रंग देणं चालू होतं. त्यांनी विचारायच्या आत थिनरची बाटली आणि बनियनचा तुकडा दिला.

थिनर चांगलं होतं. तेलकट कुंकू एका हातात गेलं. आणखी स्वच्छ व्हावं म्हणून मी दुसरा हात मारला, आणि दुसऱ्या हातात वीस हजार, तीन पूर्णांक सात, कंपनीचं नाव आणि रागिणीताईंचं सगळं गणित बनियनवर आलं. पॉवरबँकेच्या पोटावर राहिलं ते फक्त एक चित्र: कचऱ्याचा डबा आणि त्यावर फुली. तेवढंच कसं टिकलं, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

सिंधू मागे उभी होती. "पुसायले कोणी सांगतलं होतं तुमाले?"

"भगवंतरावांनी."

"अन् नका पुसू म्हणून कोणी सांगतलं होतं?"

मी आत जाऊन नियमांचे कागद पुन्हा काढले. चौथ्या पानावर, मी अधोरेखित न केलेलं एकच वाक्य होतं: वस्तूवर क्षमता स्पष्ट वाचता आली पाहिजे. वाचता येत नसेल तर वस्तू नेता येणार नाही.

सामान्य माणूस इथे खचला असता. पण मी वकील आहे, आणि जे वस्तूवर लिहिलेलं नाही ते कागदावर लिहून देणं यावरच आमची कोर्टं चालतात. मी पाचशेच्या मुद्रांकावर शपथपत्र टंकून घेतलं. 'मी, खाली सही करणार, प्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर काळ्या रंगाची पॉवरबँक चौऱ्याहत्तर वॅट-तास क्षमतेची असून, तिच्यावरील मजकूर धार्मिक कारणास्तव लागलेले कुंकू काढताना अनवधानाने नष्ट झाला आहे.' साक्षीदार म्हणून रागिणीताईंची सही. बार रूममधल्या नोटरी मित्राने न वाचता शिक्का मारला. लाल, गोल, ठसठशीत. सिंधू म्हणाली, "कुंकू पुसून शिक्का मारून आणला. रंग तोच."

निघायच्या दिवशी बेलोऱ्याला आम्हा दोघांना सोडायला इतके लोक आले की कोणालाही वाटावं, आम्ही कायमचे चाललो. आपल्याकडे माणूस बस स्टँडवरून जरी गेला तरी पोचवायला दोघं येतात, हे तर विमान. भगवंतराव गाडी घेऊन. रागिणीताई, मुलांना विमान दाखवायला. आणि फाटकाशी, अकोल्याहून सकाळच्या बसने येऊन, पांढरा रुमाल हातात घेऊन उभे होते खुद्द बापूसाहेब.

"म्हटलं, तुमाले धाडूनच येतो," ते म्हणाले. "वस्तू घेतली ना?"

"हातातच आहे."

"कुंकू?"

"कुंकू..." मी सिंधूकडे पाहिलं. सिंधूने आभाळाकडे पाहिलं. तिकडून काहीच मदत आली नाही, म्हणून आम्ही पटकन आत गेलो.

तपासणीच्या मशीनमधून बॅग गेली, थांबली, परत मागे आली. पलीकडे उभ्या असलेल्या सुरक्षा अधिकारी बाईंनी पॉवरबँक हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"सर, इसपे कुछ लिखा नहीं है."

"मॅडम, यासंबंधीचं शपथपत्र सोबत जोडलं आहे," मी म्हणालो आणि कागद पुढे केला. मागे रांग होती. रांगेतल्या एका गृहस्थाने मान लांब करून मुद्रांक वाचायला सुरुवात केली. बाईंनी कागद अगदी शांतपणे, शेवटपर्यंत वाचला. 'धार्मिक कारणास्तव' या ठिकाणी त्यांचे ओठ किंचित हलले. मग कागदाची घडी होती तशी घालून मला परत दिली.

"बहुत अच्छा लिखा है सर. लेकिन बैटरी पे लिखा होना चाहिए."

"त्यावर एक चित्र आहे," मी शेवटचा मुद्दा मांडला.

त्यांनी चित्र पाहिलं. कचऱ्याचा डबा आणि फुली. त्यांनी पॉवरबँक बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली. मागच्या गृहस्थाने मान जागेवर घेत एक हुंकार दिला, तो मी विसरलेलो नाही. माझ्या खात्यात त्याचं नाव नाही, फक्त हुंकार आहे.

"बाहर कोई है आपका? उनको दे दीजिए. नहीं तो यहीं छोड़ना पड़ेगा."

बाहेर कोई होतं. काचेपलीकडे बापूसाहेब माझ्याकडे बघून रुमाल हलवत होते.

मी भगवंतरावांना फोन लावला. जगात असे प्रसंग येतात, जेव्हा ज्याने थिनर दिलं त्याच्याच पाया पडावं लागतं. "भगवंतराव, एकटे फाटकाशी या. बापूसाहेबांना कुठेतरी पाठवा. एक वस्तू देतो, ती घरी नेऊन ठेवा. कोणाला दाखवू नका."

"समजलं," भगवंतराव म्हणाले. पाटबंधारे खात्यात त्यांनी इतक्या गुप्त बैठका पाहिल्या होत्या की त्यांचा आवाज लगेच खाली गेला. काचेतून मला दिसलं, त्यांनी बापूसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून पार उलट दिशेला बोट दाखवलं, आणि सुरूच राहिलेल्या फोनमधून ऐकू आलं, "बापूसाहेब, विमान तिकडून दिसते. अठीसा काई दिसत नाई." बापूसाहेब रुमाल घेऊन तिकडे चालू लागले. तिकडे तुरीचं शेत होतं. मी एका जवानासोबत फाटकापर्यंत आलो, हातरुमालात गुंडाळलेली पॉवरबँक, डब्यासकट, भगवंतरावांच्या पिशवीत सोडली, आणि आम्ही दोघं असे वेगळे झालो की पाहणाऱ्याला वाटावं, पोलीस कोठडीत डबा पोचवला.

विमानात बसल्यावर सूचना झाली की पॉवरबँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नये आणि प्रवासात वापरू नये. तो हुंकारवाला गृहस्थ शेजारच्याच रांगेत होता. त्याने खिशातून आपली पॉवरबँक काढली, तिच्यावरची अक्षरं प्रेमाने वाचली आणि परत ठेवली. मी खिडकीतून खाली बघत राहिलो. खाली कपाशीची काळी रानं होती आणि कुठेतरी तुरीत एक पांढरा रुमाल.

"आता?" सिंधूने विचारलं.

"मुंबईत तशीच दुसरी घेऊ. पुष्करला देऊ. फोटो काढू. बापूसाहेबांना काय कळतंय?"

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला ही नजर तीन प्रकारची माहीत आहे. ही तिसरी होती. "अन् कुंकू मी लावते," ती म्हणाली. "सगळंच खोटं नाही द्यायचं."

मुंबईत उतरल्यावर तशीच पॉवरबँक मिळाली नाही. त्या आकारात फक्त निळी होती. दुकानदार म्हणाला, एकच माल आहे, रंग फक्त वेगळा. मी म्हणालो, फोटो जरा अंधारात काढू. टॅक्सीत सिंधूने पर्समधून करंडा काढला आणि निळ्या पॉवरबँकेवर, अक्षरं सोडून, दुसऱ्या बाजूला पाच बोटं उमटवली. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "माताजी, इसमें क्या है?" सिंधू म्हणाली, "व्याह्यांची अब्रू." त्याने आरसा वर वळवला. त्याला शब्द कळले नसतील, पण सूर कळला.

पुष्करने डबा उघडला. अबोली त्याच्या शेजारी, पोटावर हात ठेवून. मी मोबाइल काढून, दिवा मालवायला उठलो होतो.

"आबांनी पाठवली?" पुष्कर म्हणाला. "नवीन?"

"नवी कोरी. स्वतः दुकानात उभं राहून, पारखून."

"पण मी तर त्यांना दिवाळीत दिली होती ना, अशीच, काळी!" पुष्कर म्हणाला. "ती असताना ही दुसरी? आबा म्हणजे ना..."

मी दिवा न मालवता तसाच थांबलो. एका क्षणात माझ्या डोक्यातलं सगळं खातं उलटं झालं. काळी पॉवरबँक. नवी कोरी. पारखून घेतलेली. म्हणजे मुलाने बापाला दिलेली भेट, जशीच्या तशी, डबाही न बदलता, कुंकू लावून मुलालाच परत चालली होती, आणि वाहतूकदार होतो मी! लग्नातल्या साड्या आणि स्टीलचे डबे घरोघर फिरताना मी पाहिले आहेत. पण फिरवलेला आहेर मूळ मालकाच्याच दारी नेऊन घालायला फार मोठी छाती लागते. मला बापूसाहेबांबद्दल प्रथमच मनापासून आदर वाटला.

आदर वाटून होईपर्यंत पुष्करने व्हिडिओ कॉल लावला होता.

पडद्यावर बापूसाहेब आले. समोर ताट. मागे एक ओळखीची भिंत, आणि त्या भिंतीवर भगवंतरावांचं पाटबंधारे खात्याचं सन्मानचिन्ह. मी सोफ्याच्या हाताला घट्ट धरलं. बापूसाहेबांच्या फोनमधून एक वायर निघाली होती आणि ताटाच्या पलीकडे कुठेतरी जात होती.

"आबा, तुम्ही कुठे?"

"अमरावतीलेच. भगवंतराव जेवल्याबगर सोडत नाई म्हणे."

"आबा, मी दिवाळीत दिलेली काळी पॉवरबँक कुठाय? वापरता की ठेवून दिली?"

बापूसाहेबांनी एक घास सावकाश संपवला. मग त्यांचा हात पडद्याबाहेर गेला आणि परत आला. हातात काळी पॉवरबँक होती. पोट गुळगुळीत. त्यावर कचऱ्याचा डबा आणि फुली.

"हे काय!" बापूसाहेब म्हणाले. "रोज वापरतो. आता बी लावेल हाये. वापरून वापरून अक्षरं गेली, पाह्य."

"आणि ही निळी?"

बापूसाहेबांनी पडद्यातून पुष्करच्या हातातली निळी पाहिली. तिच्यावरची पाच बोटं पाहिली. मग त्यांचे डोळे हळूहळू सरकले आणि पुष्करच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या माझ्यावर येऊन थांबले. सरकी चिमटीत धरून पाहावी, तसं त्यांनी मला पाहिलं. मीही पाहिलं. दोन्हीकडे पूर्ण उगवण होती.

"ते?" बापूसाहेब म्हणाले. "ते तुह्यासाठी नवी घेतली. वकीलसाहेबाईले इचार, किती जपून आणली त्याईनं."

"फार जपून," मी म्हणालो.

अबोली आपल्या सासऱ्यांचं कौतुक करत आत गेली. पाच मिनिटांत माझा फोन वाजला. मी बाल्कनीत गेलो.

"वकीलसाहेब," बापूसाहेब म्हणाले, "बॅटरी भल्ली टिकून राहिली बरं. शंभर टक्के झाली."

"भगवंतरावांनी दाखवली?"

मागून भगवंतरावांचा आवाज आला. "मी कोठी दाखोली? वस्तू मांगच्या सीटवर, पिशवीत, वरतून गमछा. याईचा फोन बंद पडला, तं मी फक्त वायर पुढं देल्ली. आता माणूस वायर धरून धरून मांगं गेला, तं माहा काय दोष?"

बापूसाहेबांनी आवाज खाली केला. "हे पाहा. माहं तुमाले समजलं, तुमचं मले समजलं. हे पोराईच्या कानावर गेलं, तं दोघाईची बी शोभा. डोहाळजेवण तुमचं, बोललो ते बोललो. पन बारसं अकोल्याले."

"बारसं बाळंतपण जिथे तिथे, बापूसाहेब. तशी रीत आहे."

"बरं. मंग मी पुष्करले सांगतो, कुंकू कोणं पुसलं."

"सांगा की. मीही सांगतो, दिवाळी कोणी फिरवली."

दोन्ही पक्षकारांना आपापल्या पुराव्याची भीती वाटायला लागली की तडजोडीची वेळ आली, असं आम्ही समजतो. "विहीणबाई काय म्हणतील?" मी मऊ होत विचारलं.

"तिले सांगतो, पोचली. खोटं थोडीच हाये? निळी तं पोचली ना!"

अशा रीतीने बारसं अकोल्याला गेलं. सिंधूला मी हे रात्री, ती झोपेत आहे असं समजून सांगितलं. ती म्हणाली, "बारशापर्यंत पाहू."

डोहाळजेवण मात्र आमच्याकडे झालं आणि जोरात झालं. अबोली शेवंतीच्या वाडीत बंगईवर बसली, कड्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, आणि कॉलनीतल्या बायकांनी सिंधूच्या तोंडावर कौतुक केलं, जे त्या मागेच करतात. मी ते खात्यात सगळ्यांच्या नावे जमा केलं. निघताना विहीणबाईंनी सिंधूच्या ओटीत खण-नारळ घातला आणि हातात एक डबा ठेवला.

"तुमी आमची वस्तू एवढी जिवापाड नेली. हे तशीच दुसरी, आमच्या घरच्याईकडून, वकीलसाहेबाईले. नाई म्हणू नोका."

बापूसाहेब दारात चपला शोधत होते. बराच वेळ शोधत होते. चपला पायातच होत्या.

डबा मला ओळखीचा वाटलाच. आत काळी पॉवरबँक. पोटावर नवं कोरं स्वस्तिक, पाच बोटं, आणि ओल्या कुंकवाखालून डोकावणारी फुली. विहिणीने ओटीसोबत दिलेली वस्तू परत करता येत नाही, हे बापूसाहेबांना पक्कं माहीत होतं. माणूस बियाणं चुकीच्या जमिनीत टाकतच नाही.

तेव्हापासून ती आमच्या कपाटात आहे. फोन तिच्यावर मस्त चार्ज होतो, पण लावताना मला तो हुंकार ऐकू येतो. सिंधू रोज विचारते, "कोणाला द्यायची?" मी म्हणतो, थांब, योग्य माणूस येईल.

काल संध्याकाळी तो आला. भगवंतराव ओट्यावर बसले आणि चेहऱ्यावर पहिल्या विमान प्रवासाचं तेज आणून म्हणाले, "वकीलसाहेब, मी बी चाललो, पोरीकडं. विमानानं! नातवासाठी काई पाठवाचं असन तुमचं, तं सांगा. आपुन येकमेकाची कामं नाई कराची, तं कोणं कराची?"

त्यांच्या नावावर थिनर बाकी होतं आणि वायर बाकी होती. मी सिंधूकडे पाहिलं. ती उठली होती. आत करंड्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाच्या दाराचा.

"आहे ना," मी म्हणालो. "तुमच्या नातवाला लागेल अशीच वस्तू आहे. आणि काळजी करू नका, भगवंतराव. तिचं शपथपत्र माझ्याकडे तयार आहे."